कडूबा पेंटरचं मशीन

"बन्सी पेंटरकडं यातलं काय नाय ना?"

स्टेन्सिल कापायची दोन मशीनं समोर मांडलेली आणि कडूबानं पहिला प्रश्न विचारला तो हा. किंमत नंतर, गॅरंटी त्याच्याही नंतर.

नाही, असं दुकानदार रामकिसननं सांगितलं. बन्सी अजून ब्रशच चालवतो, साऱ्या गुलमंडीला ठाऊक आहे. कडूबाच्या जिवाला जरा गार वाटलं.

नानासाहेबांच्या टँकरांचं काम निघालं होतं. पैठण रोडला टँकरांची रांग लागलेली, एकूण एक टँकरवर 'पिण्याचे पाणी' लिहायचं. काम कडूबालाच द्यायला ते तयार होते, पण जाता जाता म्हणाले, "अक्षर तेवढं बन्सीसारखं येऊ दे." तेव्हापासून कडूबाचा नुसता जळफळाट चालला होता. बन्सी एक टँकर रंगवेपर्यंत आपण स्टेन्सिल लावायची, वरून रंगाचा फवारा मारायचा आणि अख्खी रांग मोकळी करायची. मग बघू गावात कुणाचं नाव निघतं ते, असं ठरवूनच तो आला होता.

पिशवीतून त्यानं एक्स-रेची फिल्म काढली. पेंटर लोक पहिल्यापासून यावरच स्टेन्सिल कापतात. फाटत नाही, पुसली की पुन्हा चालते. फिल्म त्याच्या बायकोच्या, सारजाबाईच्या गुडघ्याची होती. डॉक्टरला अजून दाखवायचीय म्हणून घरून निघताना ती मागनं ओरडत राहिली, पण ईर्ष्येला पेटलेल्या माणसाला बायकोचा गुडघा काय दिसणार.

लहान मशीननं फिल्मवर नुसते ओरखडे काढले. मोठ्या मशीनची सुरी मात्र आरपार गेली. रामकिसननं खुशीत फिल्म उचलली आणि 'प'चं पोट टपकन टेबलावर पडलं. अक्षराच्या जागी भगदाड राहिलं. कडूबाला हसू आलं. पोट गळू नये म्हणून मधे बारीक जोड ठेवायचा असतो, एवढंही या मशीनला कळत नव्हतं.

रामकिसन ओशाळला नाही. जोड काय, तुम्ही दाखवाल तिथं ठेवतो, म्हणाला. पण आपल्याकडं अक्षरं सगळी छापील. हाताचं वळण पाहिजे तर एखाद्या पाटीचा फोटो द्या, त्यावरून हुबेहूब कापून देतो.

कडूबानं मोबाइल पुढं केला. रामकिसन एकेक फोटो सरकवू लागला. लासूर स्टेशनची आडत. अजिंठ्याच्या वाटेवरचा ढाबा. पैठणची शाळा, रसवंती, पिठाची गिरणी. सगळीकडं तेच ताठ कण्याचं, भरल्या पोटाचं अक्षर.

"लई गोड हात हाय पेंटर तुमचा."

"बन्सीचाय."

"सगळे?"

"चुका शोधायला काढलेत."

खोटं नव्हतं ते. सवड मिळाली की कडूबा एसटीत बसायचा, बन्सीनं रंगवलेल्या भिंतीपुढं उभा राहायचा, फोटो काढायचा आणि घरी येऊन मोठा करकरून बघायचा. एखादी वेलांटी तरी वाकडी निघावी, एखादा काना तरी झुकावा. अजून एकही निघाला नव्हता.

मग यातलं तुमचं कोणतं, असं रामकिसननं विचारलं. कडूबानं मोबाइल परत घेतला. त्याचा अंगठा सरकत राहिला. गिरणी गेली, शाळा गेली, ढाबा गेला. स्वतःच्या कामाचा फोटो काढावा असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"थांबा की." रामकिसननं मधेच बोट ठेवलं. "हे बघा, सापडलं."

फोटो जुना होता. वर 'कडूबा आर्ट्स' अशी कोरी करकरीत पाटी, खाली गळ्यात हार घालून कडूबा. बाजूला शिडीवर बन्सी, दातात ब्रश धरून हसणारा, बोटांना पाटीचाच निळा रंग लागलेला.

"तुमच्याच दुकानाची पाटी. टाकू का मशीनला?"

कडूबानं सवयीनं फोटो मोठा केला.

"नाव तेवढं माझं हाय," तो म्हणाला.