पडद्याबाहेर

पडद्याआड यायला कुणीच तयार नव्हतं. ऑकलंडमधल्या चर्चच्या हॉलमध्ये चाळीसेक इथिओपियन माणसं जमली होती, पण रक्ततपासणीसाठी टोचून घेतलेलं बोट एकही नव्हतं. हिपॅटायटिस बी वेळेत कळला तर लिव्हरचा कॅन्सर टाळता येतो, हे सांगून सांगून नीलांबरीचा घसा बसला. माणसं मान डोलवत आणि कॉफीकडे वळत.

मूळची पुण्याची ही नर्स नियमाला पक्की. कुणाचं काही उघड होऊ नये म्हणून तो निळा पडदा तिनेच हौसेने लावला होता. शेवटी त्यांच्यातल्याच, कॉफी करणाऱ्या मुलूताईंनी तिला बाजूला घेतलं.

“सिस्टर, आमच्यात पडद्याआड गेला तो रोगी. उद्यापासून त्याच्या घरी कुणी जेवणार नाही.”

म्हणजे हात दाखवून अवलक्षण! नीलांबरी खट्टू झाली. यांच्यातलंच कुणीतरी पाच वर्षांनी पोट फुगल्यावर दवाखान्यात यायचं. तशी माणसं तिने वॉर्डात पाहिली होती.

मुलूताईंनी पडदा ओढून काढला. भर हॉलमध्ये खुर्ची मांडून त्या बसल्या आणि बोट पुढे केलं. “टोचा.”

वीस मिनिटांनी तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे लागण होती. नीलांबरीने पटकन पट्टीवर हात ठेवला, पण मुलूताईंनी ती काढून घेतली आणि सगळ्यांना दाखवली.

“मला आहे. आता सिस्टरना विचारा, माझ्या हातच्या कॉफीने तुम्हाला होईल का?”

“नाही!” नीलांबरी जवळजवळ ओरडलीच. “कपाने नाही, जेवणाने नाही, शेजारी बसल्याने नाही. आणि यावर औषध आहे.”

मग मागच्या रांगेतले एक आजोबा बाही सरसावत उठले. त्यांच्यामागे त्यांची सून. मग रांगच लागली. चार वाजता किट संपले. वीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला जे जमलं नाही ते या बाईने एका बोटाने केलं, असं नीलांबरीला वाटलं.

आवराआवर झाल्यावर तिने मुलूताईंचा हात हातात घेतला. “घाबरू नका हं. उद्याच डॉक्टरांची वेळ घेते. रोज एक गोळी, बस.”

मुलूताई हसल्या.

“अकरा वर्षं घेतेय मी ती गोळी, सिस्टर. आजपर्यंत चोरून.”