मासा धरायची रीत

माझ्या दुसऱ्या लग्नाला वर्ष होत आलं, तरी माझी लेक टेसा माझ्या नवऱ्याला, ऑरिनला, हात धरू देत नव्हती. मासेमारीसाठी अमेरिकेतल्या युटाला निघालो तेव्हाही ती ट्रकच्या खिडकीलाच चिकटून बसली.

सकाळी नदीवर ऑरिनच्या गळाला लावलेल्या पिसांच्या खोट्या माशीला एक ट्राउट मासा भुलला. त्याने आधी हात नदीत बुडवले, मगच मासा धरला, गळ काढला आणि त्याला सोडून दिलं.

“हात कशाला धुतोस?” टेसाने विचारलं.

“धूत नाही, ओले करतोय. कोरड्या हाताने त्याची कातडी सोलवटते. ओला हात त्याला चालतो.”

दुपारी ओढा ओलांडून कातळावरचे प्राचीन हातांचे ठसे पाहिले. एक मोठा, त्याच्या शेजारी एक चिमुकला. टेसा हात लावायला गेली.

“अंहं. हाताच्या तेलाने रंग उतरतो,” ऑरिन म्हणाला.

“तुझं सगळं आपलं लांबूनच!”

“काय करू? नाजूक गोष्टींना जपावं लागतं.”

परतताना ओढ्यातले दगड निसरडे होते. ऑरिनने सवयीने हात पुढे केला आणि सवयीनेच मागे घेतला.

“थांब,” टेसा म्हणाली. “आधी ओला कर.”