गुडघ्यांचा तास

नववीच्या शारीरिक शिक्षण आणि आरोग्याच्या विषयांची वाटणी झाली आणि रेवती चौगुले उड्या मारतच मैदानावर आली.

"सर, मला आरोग्याचा एकही तास नाही. सगळे तास खो-खोचे."

घाटगे सर खांबाजवळ फक्कीची रेघ आखत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कुणाला कुठले विषय द्यायचे, ते शाळेतलं एक यंत्र ठरवायचं. कुठल्या मुलाला पुढे आयुष्यात काय उपयोगी पडणार, हे त्याला रक्ताच्या थेंबावरून कळायचं. उपयोगी पडणार नाही ते शिकवायचं नाही आणि मुलांना कारण सांगायचं नाही, असा नियम होता. मुलांना ही वाटणी म्हणजे सोडतच वाटायची. मागे ज्या मुलाला सगळे तास खेळाचे मिळाले होते, त्याच्या स्मरणार्थ शाळा आता दर वर्षी ढाल देते.

रेवतीच्या मागून तिची मैत्रीण शहनाज तोंड पाडून आली. तिला मधुमेह, मोतीबिंदू आणि गुडघ्यांची निगा असे विषय आले होते.

"सगळे म्हातारीचे विषय आहेत, सर. मला पण खो-खो द्या ना."

"गप बस," सर एवढ्या जोरात ओरडले की दोघी दचकल्या.

जरा वेळाने रेवतीनेच मधला मार्ग काढला. "सर, गुडघ्यांच्या तासाला तिच्याऐवजी मी बसू? ती तेवढा वेळ खेळेल."

"तुला काय करायचंय ते शिकून?"

"लक्षात ठेवीन की. म्हातारपणी हिचे गुडघे दुखायला लागले, की मी सांगीन हिला काय करायचं ते."