तिसऱ्या वर्षीचं फूल

वर्षाच्या वर एकही भाडेकरू ठेवायचा नाही, ही काकूंची काळ्या दगडावरची रेघ. मुदत संपली त्याच सकाळी त्या मागच्या खोलीशी हजर झाल्या. खोलीत राहणाऱ्या नर्सबाई दाराशी उकिडव्या बसून, राहायला आल्या आल्या मातीत लावलेलं एक रोप न्याहाळत होत्या.

"सामान नाही बांधलं अजून?"

"बांधते की. पण ह्याचं काय करू? डोंगरावरचं रानफूल आहे, काकू. ऊन, पाऊस, कशाला म्हणून दाद देत नाही. फक्त जागेवरून हलवलं की मेलंच. तिसऱ्या वर्षी फुलतं. निळंशार!"

वर्षभर काकूंनी त्याची नुसती पानंच बघितली होती.

"मग राहा तेवढी दोन वर्षं. पण फुललं की खोली रिकामी!"

"शब्द देते."

आठवड्याने वाण्याच्या दुकानात काकूंना नर्सबाईंचे जुने घरमालक भेटले. काकूंनी ऐटीत सगळं सांगितलं. "फुलापर्यंतच मुदत दिलीय. वर एक दिवस नाही!"

ते हसून हसून बेजार झाले.

"आमच्याकडे नऊ वर्षं होत्या. फुललं की म्हणायच्या, बी धरू दे. बी धरलं, की शेजारी नवं पेरायच्या."