बिनआवाजाचा पंखा

उन्हाळा लागला की ताराचंदचा हात सुटायचा. आधी तो कूलर फुल करायचा, मग कंबरेचा पट्टा काढून बायकोला, पुष्पलताला, झोडपायचा. शेजारची प्रयागबाई वैतागून म्हणायची, "तुह्या कूलरच्या घरघरीत मले माहा रेडिओबी आयकू येत नाही वं पुष्पा!"

ऐन मे महिन्यात कूलरचा पंखा जळाला. सीताबर्डीच्या दुकानात पुष्पलताने तीन पंखे लावून पाहिले, प्रत्येकाला कान दिला. "बिलकुल आवाज न करणारा द्या भाऊ. यांची झोप मोडते." ताराचंद खूश झाला.

दुसऱ्या दुपारी त्याने दाराला कडी घातली, कूलर फुल केला आणि पट्टा उगारला.



पहिल्याच फटक्याला पुष्पलता किंचाळली. भिंतीपलीकडचा रेडिओ बंद झाला, आणि दारावर प्रयागबाईचं मुसळ आदळलं.