मागचा हिटर

“भावजी, तो मागचा हिटर लावून दाखवा मला,” पुतळा म्हणाली.

ट्रकला टेकून उभा असलेला नामदेव सरळ झाला. “वहिनी, मे महिना चालू आहे. पत्र्याला हात लावून बघा, भाजेल.”

“भाजू दे. एकदाच लावा.”

कळंबोलीच्या यार्डात दुपार टळटळत होती. लोखंडी सळया भरलेल्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या आणि त्यांच्या खाली, सावलीला, ड्रायव्हर लोक आडवे झाले होते. ही एक गाडी तेवढी रिकामी होती. जुनी झाली म्हणून शेठनं ती मद्रासकडच्या कुणाला तरी विकली होती. उद्या ती जाणार असं पुतळाला सकाळी नळावर कळलं, आणि घागर तिथंच ठेवून ती चालत आली होती.

तिच्या नवऱ्यानं, गंगारामनं, निम्मं आयुष्य ह्या गाडीत काढलं होतं. गेलाही ह्याच गाडीत. जानेवारीत, काश्मीरच्या रस्त्यावर, बर्फात गाड्या अडकून पडल्या तेव्हा. अंगात ताप होता. नामदेव त्याच्या जोडीचा ड्रायव्हर. अस्थींचं मडकं घेऊन तोच दारात आला होता आणि म्हणाला होता, “मागं हिटर चालू होता, वहिनी. थंडीचा त्रास नाही झाला त्याला. झोपेतच गेला.”

तेवढ्या बोलण्यावर पुतळानं हे चार महिने काढले होते. शेजारणी भेटायला येऊन रडायच्या, तर तीच त्यांची समजूत घालायची. अहो, त्यांना थंडी नाही वाजली. गाडीत हिटर हाय.

नामदेवला खिशातली किल्ली लवकर सापडेना. मग तो चढला आणि स्टिअरिंगवर बसला. पुतळा त्याच्या पाठीमागच्या फळीवर जाऊन बसली. माणूस गुडघे पोटाशी घेऊन झोपेल एवढीच ती जागा. फळीखाली जाळीचा लोखंडी डबा होता, हिरवा रंग दिलेला. इंजिनातलं तापलेलं पाणी रबरी नळीतून त्या डब्यात यायचं आणि आतला पंखा ती ऊब मागं झोपणाऱ्याच्या अंगावर सोडायचा. पठाणकोटच्या मेकॅनिककडून हिटर बसवून घेतला तेव्हा गंगारामनं घरी स्टोव्हपुढं बसून, हातवारे करून, तिला हे सगळं समजावलं होतं. लहान पोरासारखा खूश होता.

इंजिन सुरू झालं. सगळी केबिन थरथरायला लागली.

“तापू दे जरा,” नामदेव पुढं बघतच म्हणाला.

बराच वेळ गेला. इंजिनवरचा पत्रा तापला, डिझेलचा वास कोंडला, पुतळाचं लुगडं पाठीला चिकटलं. मग नामदेवनं खटका ओढला. डबा खरखरला, जाळीतून धूळ उडाली आणि वारा आला.

नुसता वारा. घामेजलेल्या गळ्याला तो गार लागला, बरासुद्धा वाटला. पुतळानं जाळीपुढं तळवा धरला. मग हात उलटा करून धरला. मग वाकून फळीखाली बघितलं.

नळी डब्याला पोचतच नव्हती. मध्येच कापून तिच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली होती, त्यावर चिंधी, आणि चिंधीवर तारेचे वेढे. चिंधी निळ्या चौकड्यांची होती. दिवाळीत फाटली म्हणून गाडी पुसायला नेलेली गंगारामची लुंगी. तारेचं टोक कुणाच्या हाताला लागू नये म्हणून आत मुडपलेलं होतं. घरची कपडे वाळत घालायची तार त्यानं अशीच बांधली होती.

नळी फुटली असणार. पाणी गळून गेलं असतं तर इंजिन बसलं असतं, म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं ती बंद केली होती. आणि मग ह्याच फळीवर ताप घेऊन झोपला होता.

“येतंय ना, वहिनी, गरम?”

नामदेवनं मागं वळून बघितलं नाही. उभ्या गाडीचं स्टिअरिंग त्यानं दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जसा काही घाट उतरतोय. मानेवरून घाम ओघळून कॉलर भिजली होती.

पुतळा फळीवर पुन्हा सरळ बसली.

“येतंय,” ती म्हणाली. “चांगलं गरम येतंय.”

नामदेवची मान खाली गेली. पंखा खरखरत राहिला.

“तुमी कुठं होता त्या रात्री?”

“इथंच. त्याच्याजवळ.”

“एवढ्याशा जागेत?”

“कवटाळून बसलो होतो, वहिनी. दोघांची घोंगडी एकावर एक घेतली. अंगाला अंग घासत होतो त्याच्या. उजाडलं तरी सोडलं नव्हतं मी त्याला. मागच्या गाडीवाल्यांनी येऊन माझे हात सोडवले.”

बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं आपण काय बोलून बसलो ते. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. यार्डात कुठंतरी लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज आला, तेवढाच.

पुतळा आपली आपण खाली उतरली. पदरानं तिनं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. नामदेव वरच बसून होता.

“उतरा, भावजी,” ती म्हणाली. “घरी चला. भाकऱ्या टाकते, गरम खाऊन जा.”

त्याला लगेच उतरता आलं नाही. तो खाली येईपर्यंत ती उन्हात उभी राहिली.