खालच्या गावची बी

"हीच चव," पाहुणा म्हणाला आणि तोंडातला तुकडा विरघळेपर्यंत त्याने डोळे मिटून घेतले. "रुफिना, मला हेच चॉकलेट हवं. वर्षभर. तू करशील तेवढं."

ताटलीत बाकीचे तुकडे तसेच पडले होते. ते रुफिनाच्या घरच्या कोकोचे. पाहुण्याचं मेलबर्नला चॉकलेटचं मोठं दुकान होतं आणि बोगनव्हिल बेटावर तो पहिल्यांदाच आला होता. रुफिनाने ऑस्ट्रेलियात एका चॉकलेटवाल्याकडे आधी साचे धुतले, मग चक्की चालवली आणि शेवटी त्याचीच जुनी चक्की घेऊन ती गावी परतली. बिया पोत्यात भरून विकायच्या सोडून ही दळत काय बसते, म्हणून लोक हसले. हसून हसून दमले. लग्नाचं वय निघून गेलं, पत्र्याखालची चक्की मात्र थांबली नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, हीच चव.

पण त्या चॉकलेटची बी तिची नव्हती. बाजारात सहज घेतलेल्या एका पिशवीतली होती. बेटावर सगळेच कोको लाकडाच्या जाळावर वाळवतात, त्यामुळे चॉकलेटलाही धुराचा वास मारतो. ही बी उन्हात वाळवलेली होती. नदीच्या खालच्या अंगाच्या गावात तानिस म्हणून एक म्हातारा होता, त्याच्या मळ्यातली.

पाहुणा गेल्यावर तिच्या भावाने, पेत्रुसने, तिच्या पाठीवर थाप मारली. "पोती आणायचं माझ्याकडे लागलं. होडी तयार आहे. तू फक्त कधी ते सांग."

"खालच्या गावची बी या घरात भाजायची नाही," आई चुलीपाशी बसून म्हणाली.

जमीन आईची, घरही आईचं. तिच्या शब्दावर शब्द नाही. शिवाय कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बेटावरच्या लढाईत दोन्ही गावं एकमेकांविरुद्ध होती, त्या वर्षांत सगळ्यांत मोठा भाऊ योआकिम मीठ मिळतं का बघायला म्हणून खाली उतरला, तो परत आलाच नाही. पुढे समेट झाला. दोन्ही गावांनी डुकरं कापली, धनुष्यं मोडली, हातात हात घेतले. योआकिमचं काय झालं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

"आई, भांडण मिटलं ना?"

"मिटलं."

"मग?"

"मग काही नाही. भाजायची नाही म्हणजे नाही."

सकाळी रुफिना कुणाला न सांगता खाली गेली.

तिने नाव सांगितलं तसा तानिसने हातातला कोयता खाली ठेवला. फार बोलला नाही. वाळवणाचे माचे दाखवले, बिया आंबवायच्या केळीच्या पानांनी झाकलेल्या पेट्या दाखवल्या. "हवी तेवढी ने," म्हणाला. मळा कसा लख्ख होता! छाटणी वेळेवर, सावली बेताची. रुफिनाचं मन हलकं झालं. आणि मग कोपऱ्यातल्या एका झाडाशी ती थबकली. त्याची फळं कुणी तोडलीच नव्हती. काळी पडून, उंदरांनी पोखरून जागच्या जागी सुकली होती.

"अहो, हे काय? एवढा नेटका मळा आणि हे झाड असं? रोग पसरेल ना. पाडून टाका ही फळं."

"त्या झाडाला आम्ही हात लावत नाही."

"का?"

तानिसने तिच्याकडे पाहिलं नाही. "तुझा भाऊ आहे खाली."

रुफिनाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. मग ती तिथेच मातीत बसली.

"मारणाऱ्यांत मी होतो, पोरी," तो म्हणाला. "पुरणारा मी एकटाच. बाकीचं तुझ्या आईला विचार."

आई परसात रताळी सोलत होती. रुफिनाचा चेहरा बघून ती काय ते समजली, तरी तिचा हात थांबला नाही.

"तुला माहीत होतं?"

"तानिसच आला होता सांगायला. माझ्या पायाशी कोयता ठेवून मान खाली घालून बसला. मी त्याला कोयता परत दिला. म्हटलं, त्याच्यावर झाड लाव आणि तोंड उघडू नकोस."

"आपल्या योआकिमला तू तिथे टाकून दिलंस? इतकी वर्षं?"

"पेत्रुस आणि लूकास, माझी उरलेली दोन पोरं, तेव्हा विशीतली होती. दोघांकडे बंदुका." आईने आवाज खाली आणला. "पेत्रुसची अजून आढ्यात आहे. मला माहीत नाही असं त्याला वाटतं. एकाला घरी आणलं असतं, तर दोघांना पुरावं लागलं असतं."

रुफिना आईशेजारी बसली. मग हळूच म्हणाली, "पोती तानिसनेच आणून दिली तर?"

"वर्षभर ये-जा होईल, आणि पेत्रुस कधीतरी विचारेलच. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही गं. तुझ्याशी तरी कुठे बोलला?"

तेवढ्यात पेत्रुस वल्ही खांद्यावर टाकून परसात आला. "काय गं, निघायचं कधी? आईची समजूत मी काढतो."

"नाही जायचं," रुफिना म्हणाली. "पाहुण्याला नाही म्हणून कळवते."

"वेड लागलंय का तुला?" तो ओरडला. "सगळा जन्म घातलास या एका दिवसासाठी!"

रुफिनाने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"घातला," ती म्हणाली. "पण त्या बियांना चव नाही रे दादा."